शिंकेची कॅसेट

"ढोलकीचा गळा दाबलाय यांनी," मगदूम अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले. "ऐक तू. ही ढोलकी आहे का रॉकेलचा डबा?"

मी मान डोलावली. माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि वाटेत अण्णांचा गुडघा होता. गुडघा काही हलेना. टीव्हीवर निळ्या-जांभळ्या उजेडात चार पोरं आणि दोन पोरी उड्या मारत 'चंद्रज्योत'चं गाणं म्हणत होत्या, आणि त्यांच्या पायाखालून धूर सोडलेला होता.

"धूर कशाला?" लाटकर मास्तरांनी विचारलं. "आग लागलीय काय?"

"लागायला पाहिजे," अण्णा म्हणाले.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. आमच्या इचलकरंजीच्या घरातली पुढची खोली, रविवारची संध्याकाळ. आमच्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने, दिवसरात्र खडखडणारे. त्यामुळं आमच्या गल्लीत 'जरा मीठ दे' हेसुद्धा भांडण काढल्यासारखं बोलावं लागतं. नवा पाहुणा पहिल्या दिवशी हळूच विचारतो, तुमच्याकडं काही बिनसलंय का? दुसऱ्या दिवशी तोही ओरडायला लागतो.

'चंद्रज्योत' हा माझ्या थोरल्या दिरांचा, श्रीपतभाऊजींचा ऑर्केस्ट्रा. आमच्या भागातल्या जत्रा आणि गणपती ज्यांनी त्या काळात बघितलेत त्यांना तो सांगायला नको. सिनेमातली गाणी सगळेच वाजवायचे. भाऊजींनी स्वतःची गाणी बसवली, आणि लोक सिनेमातली सोडून तीच मागायला लागले. भाऊजी अकॉर्डियनवर, आणि पुढं माईकला आमच्या शालनवैनी. लग्न होऊन दोन पोरं झाली तरी पोस्टरवर 'कुमारी शालन'च छापून यायचं, कारण छापखान्यातला ठसा बदलायचा भाऊजींनी कंटाळा केला.

पुढं ऑर्केस्ट्रा थांबला, मग भाऊजी गेले, वैनींची पोरं नोकरीला लांब गेली आणि वैनी आमच्याकडं राहायला आल्या. 'चंद्रज्योत'चं म्हणून जे काय उरलं होतं ते म्हणजे रसिक मंडळ. एके काळी साठ-सत्तर माणसं होती. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत तिघं होती. सुताचे व्यापारी मगदूम अण्णा, शाळेतून निवृत्त झालेले लाटकर मास्तर आणि ब्यूटी पार्लरवाली बेबी पोवार. मी मंडळाची सभासद नाही. मी चहाची सभासद.

मंडळाची रीत सांगायला हवी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे जमायचे आणि जुन्या कार्यक्रमाची एक कॅसेट लावायचे. एकच बाजू. बाजू संपेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. संपली की प्रत्येकानं मत द्यायचं, वयानं लहान असेल त्यानं आधी, अण्णांनी शेवटी. आणि मत खरं द्यायचं. एकदा मास्तरांनी घरी लवकर जायचं म्हणून 'सगळंच छान' असं मत दिलं, तर पुढच्या बैठकीला त्यांना उंबऱ्याबाहेर चपला राखायला बसवलं होतं. पंचावन्न वर्षांच्या हेडमास्तरांना! आणि ते बसले.

वैनी या बैठकीला कधी बसायच्या नाहीत. त्या माझ्याबरोबर स्वयंपाकघरात असायच्या. कणीक मळता मळता ऐकायच्या आणि मधेच तिथनं ओरडायच्या, "बेबीचं बरोबर हाय! त्या कडव्यात दमलेवते मी!"

'चंद्रज्योत'ची रेकॉर्ड कधी निघाली नाही. जे आहे ते अण्णांनी मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन, पहिल्या रांगेत बसून धरून ठेवलेलं. बाकी सगळ्यांच्या कॅसेटी त्यावरनं केलेल्या. त्यांना तारखा नाहीत, नावं आहेत. एक पावसाची कॅसेट, तिच्यात पत्र्यावर पाऊस वाजतो. एक भांडणाची. आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे शिंकेची.

शिंक अण्णांच्या बायकोची, पद्मावैनींची. त्यांना त्या दिवशी पडसं झालेलं. पाखराचं गाणं चाललंय, दुसऱ्या कडव्यात 'उडता उडता सांग' म्हणून एक ओळ आहे, तिथं शालनवैनी 'सांग'वर सूर लांबवायच्या. थेटर सगळं श्वास धरून बसलेलं, आणि त्या सुराच्या ऐन मधोमध पद्मावैनी शिंकल्या. साधीसुधी नव्हे, मागांवर पोसलेली शिंक. आणि शालनवैनींना हसू आलं. पण सूर सुटला नाही. सुराच्या आतच हसू आलं, खालीवर झालं, आणि सूर तसाच पुढं गेला. थेटर टाळ्यांनी कोसळलं. त्या हसण्यासाठी लोकांनी त्या कॅसेटीच्या कॉप्या केल्या. माझ्या माहेरी बेळगावातसुद्धा ती होती. मी या घरात सून म्हणून यायच्या आधी ती शिंक मला पाठ होती.

पद्मावैनी गेल्या त्यानंतर अण्णांनी ती कॅसेट बैठकीत लावली नाही. कुणी लावा म्हटलंही नाही.

आता टीव्हीचं. एका चॅनेलनं ठरवलं, 'चंद्रज्योतला सलाम' करायचा. मुंबईला मोठं स्टुडिओ-शूटिंग, नवे गायक, नवे वादक, आणि एक गाणं खुद्द शालनताईंनी म्हणायचं, तेच पाखराचं. चॅनेलचा एक गोड बोलणारा तरुण येऊन गेला. संदर्भासाठी म्हणून जुनं काही ऐकायला हवं म्हणाला. अण्णांनी शिंकेची कॅसेट काढली, कॉपी केली आणि फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. फडकं परत द्या म्हणाले.

मग घरची माणसं आणि जुने सभासद गोळा करून आम्ही बसनं मुंबईला गेलो. स्टुडिओतल्या खुर्च्यांवर आम्हालाच प्रेक्षक म्हणून बसवलं. शूटिंग झालं, परत आलो. येताना बसमध्ये कराड येईपर्यंत अंताक्षरी चालली होती. कार्यक्रम बघून बसमधनं परतणारी माणसं कार्यक्रमाबद्दल अवाक्षर बोलत नाहीत आणि अंताक्षरी खेळतात, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं असं नाही म्हणत. खटकलंच होतं. सगळ्यांनाच.

दुसऱ्या दिवशी वैनींनी मला विचारलं, "संजू, कशी झाले मी?"

मी म्हणाले, "साडीवर उजेड फार सुरेख पडलावता, वैनी."

त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि भेंडी चिरायला घेतली.

त्यांना खरंच कळलं नव्हतं. वैनींना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, उजव्याची तक्रार नुकती सुरू झालेली. त्यात स्टुडिओत त्यांच्या कानात इअरफोनचं एक बोंडूक घातलं होतं आणि त्यात नुसता ढोल वाजत होता म्हणे. "माझा मलाच आवाज येत नव्हता गं," त्या सांगायच्या. "भिंतीशी बोलल्यागत गायले."

आणि तेवढ्यात पुण्याचा कदम उपटला. कार्यक्रम भरवणारा. टीव्हीवर हे येणार म्हटल्यावर त्याला दिवाळीपासून गावोगाव 'पुन्हा चंद्रज्योत' करायचं होतं. नवी पोरं वाजवतील, वैनींनी रोज चार गाणी म्हणायची. बार्शी, लातूर, पार नांदेडपर्यंत. वैनींच्या तोंडावर जो रंग चढला तो मी भाऊजी गेल्यापासून बघितला नव्हता. कपाटातनं त्यांनी दोन जुन्या जरीच्या साड्या काढून उन्हात टाकल्या. पण कदमला हो म्हणाल्या नाहीत.

कारण त्यांनी एक बघितलं होतं. फार वर्षांमागं सांगलीच्या गणपतीत त्यांच्या आधी एक नावाजलेल्या बाई गायला उभ्या राहिल्या. वय झालेलं, आवाज फाटला. तर पब्लिकनं कोंबड्याची बांग दिली. एकानं दिली, मग सगळ्या मैदानानं दिली. बाई माईक धरून तशाच उभ्या. वैनी विंगेत होत्या, पुढचा नंबर त्यांचा. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मंडळातल्या सगळ्यांना सांगितलं होतं, "माझं असं व्हायच्या आधी मला सांगा. पब्लिकनं सांगायच्या आधी तुम्ही सांगायचं." आणि अण्णांनी सगळ्यांच्या वतीनं शब्द दिला होता.

म्हणून त्या कदमला म्हणाल्या, "टीव्हीवर माझी मी ऐकते, आणि मग कळवते." कार्यक्रम संपल्यावर तो फोन करणार होता. फोन टीव्हीच्या शेजारीच, क्रोशाच्या रुमालाखाली. आणि त्या दिवशी वैनी पहिल्यांदा बैठकीला बाहेर येऊन बसल्या. उजवा कान टीव्हीकडं करून, ऊन दाखवलेल्या दोन साड्यांतली एक नेसून.

बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही ही मंडळाची रीत. पण त्या संध्याकाळी पहिल्या मिनिटापासून एकाचंही तोंड मिटलं नाही.

"निवेदिका बघा. कोल्हापूरचा चंद्रज्योत म्हणते," मास्तर म्हणाले. "इचलकरंजी म्हणायला जीभ वळत नाही होय?"

"तिच्या केसांना काय केलंय ते आधी बघा," बेबी म्हणाली. "स्ट्रेटनिंग केलंय आणि तेल लावलंय. दोन्ही कोण करतं का?"

"गाण्याबद्दल बोल की गं."

"गाणं कुठं लावलंय अजून? जाहिरातीच हायत."

खरंच होतं. एक कडवं, मग साबण. एक कडवं, मग बनियन. भाऊजींचं गोंधळाचं गाणं एका पोरानं गिटारवर म्हटलं, डोळे मिटून, पोटात कळ आल्यासारखं. पाहुणे म्हणून बसवलेल्या कुणा नटीनं डोळे पुसले. अण्णा खुर्चीच्या हातावर थापा मारत होते.

"लय कुठं ठेवलीय? घरी विसरून आलेत काय? अरे, श्रीपतराव असते तर अकॉर्डियन फेकून मारलं असतं!"

"अण्णा, हळू," मी म्हणाले. "वैनींना ऐकू दे."

"त्यांना ऐकण्यासारखं आहे काय यात?"

वैनी आपल्या गाण्याची वाट बघत होत्या. मला वाटतं, बाकीचेही त्याचीच वाट बघत होते आणि ते येऊ नये म्हणून बोलत होते. मुंबईत त्यांनी काय ऐकलं ते मीही ऐकलं होतं. वैनींनी एक पट्टी खाली घ्या म्हणून सांगितलं, तर संगीतवाला पोरगा म्हणाला, मॅम, ट्रॅक फिक्स आहे. मग वैनी गायल्या. 'सांग' आलं. आवाज वर गेला आणि तिथं धागा तुटावा तसा तुटला. उजेड नीट नव्हता असं सांगून त्यांना पुन्हा घ्यायला लावलं, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि घेतलं, आणि जे निघालं ते मला लिहवत नाही. आम्ही तिन्ही वेळेला टाळ्या वाजवल्या. अण्णांनी सगळ्यांत मोठ्यांदा.

आता टीव्हीवर ते गाणं येणार होतं, आणि त्या ऐकणार होत्या.

निवेदिका म्हणाली, आता तो क्षण, आणि जाहिरात लागली. अण्णांनी टीव्हीला शिवी दिली, साधी नाही, बाजारातली. बेबीनं भडंगाची ताटली उचलली आणि खाली ठेवली. मास्तर लघवीला जाऊन आले. आणि मग वैनी दिसल्या. जांभळ्या उजेडात, पांढऱ्या साडीत. लहान दिसत होत्या, लांबून घेतलेल्या.

पहिली ओळ आली आणि मी ट्रे खाली ठेवला.

आवाज होता. भरलेला, मोकळा, वैनींचा आवाज. पाखरू उठावं तसा उठला आणि आमच्या खोलीभर फिरला. बेबीनं तोंडावर हात धरला. मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. क्षणभर, खोटं कशाला बोलू, माझा विश्वास बसला. वाटलं, तिथं आम्हाला नीट ऐकू आलं नसेल. स्टुडिओत तसं होत असेल. यंत्रांतनं आल्यावर खरा आवाज ऐकू येत असेल.

वैनी पुढं सरकून बसल्या होत्या. ओठ हलत होते.

कॅमेरा त्यांच्या तोंडावर टिकतच नव्हता. त्यांचे हात, मग भाऊजींचा फोटो, मग आम्ही खुर्च्यांवर, मग ती नटी डोळे पुसताना. दुसरं कडवं आलं. 'उडता उडता सांग'. सूर लांबला. आणि त्या सुराच्या मधोमध एक बारीकशी पोकळी आली, दात पडलेल्या जागेसारखी. आणि लगेच त्या सुराच्या आत वैनी हसल्या.

हसू खालीवर झालं, आणि सूर तसाच पुढं गेला.

माझ्या शेजारी अण्णांचा हात खुर्चीवर थाप मारायला उचललेला होता, तो तसाच राहिला.

शिंक पुसून टाकली होती. थेटरातला पंखा, टाळ्या, पब्लिक, सगळं पुसलं होतं, खाली नवी व्हायोलिनं घातली होती. पण हसू त्यांना पुसता आलं नव्हतं, किंवा आवडलं असेल, म्हणून ठेवलं. टीव्हीवरच्या पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. निवेदिका म्हणाली, "ताई, एवढ्या वर्षांनी आवाजात तोच खट्याळपणा!" खोलीत कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. जी माणसं पेटीची पट्टी कुठल्या गावात बदलली हे नुसतं ऐकून सांगतात, ती सगळी भडंगाच्या ताटलीकडं बघत होती.

नावांची पाटी सरकायला लागली आणि लाईट गेली. लोडशेडिंग. टीव्ही इन्व्हर्टरवर होता म्हणून तो राहिला, एक ट्यूब राहिली. पण गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. इचलकरंजीतली ती शांतता बाहेरच्याला नाही कळायची. कानाला खड्डा पडल्यासारखं होतं.

वैनींनी स्वतः उठून टीव्ही बंद केला.

"चला," त्या म्हणाल्या. "मत."

"आज कशाला मत?" मास्तर म्हणाले. "आज सण आहे आपला."

"रीत ती रीत. बेबी, तू बारकी. सांग."

बेबी स्वयंपाकघराकडं बघत म्हणाली, "ताई, मी तर रडले. बाकीचं सगळं बोगस होतं. ती पोरं, तो धूर, निवेदिका. चॅनेलला पत्र लिहायला पाहिजे. इतक्या जाहिराती असतात काय? तुमचं गाणं तेवढं..." ती थांबली. "तेवढं तुमचंच."

"हं. संजू?"

"मी कुठं सभासद आहे, वैनी?"

"आज हाईस."

मला राग आला होता. टीव्हीचा, त्या गोड बोलणाऱ्या पोराचा, बेबीचा, भडंगाचा, सगळ्यांचा. चपला राखायला बसवणारी ही माणसं आणि आता यांच्या जिभा कुठं गेल्या? माझी तरी कुठं होती? मी म्हणाले, "कॅमेरा तुमच्या तोंडावर थांबत नव्हता, वैनी. तुम्ही गाताना तुमचं तोंड एकदाही नीट दाखवलं नाही."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. भेंडी चिरायच्या आधी बघितलं होतं तसंच.

तेवढ्यात रुमालाखालचा फोन वाजला. मागांच्या आवाजात तो वाजतो हेच एरवी कळायचं नाही, आज सगळ्या गल्लीला कळला असेल. वाजत राहिला. मी हात पुढं केला.

"राहू दे," वैनी म्हणाल्या. "कदम असेल. आधी मत होऊ दे. मास्तर?"

मास्तरांनी घसा खाकरला. हेडमास्तर होते, त्यांना बोलता यायचं. "ताई, कार्यक्रमाची मांडणी उथळ होती, संशोधन कमी, उच्चार वाईट. पण तुमचं गाणं म्हणजे... काळ थांबला. तोच गळा. बार्शी-लातूरला लोक डोक्यावर घेतील तुम्हाला. जावा तुम्ही. बिनधास्त जावा."

फोन थांबला. मग पुन्हा वाजायला लागला.

वैनी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, पदर दोन्ही मुठींत. "एक विचारू काय सगळ्यांना?" त्या म्हणाल्या. "मला त्या दिवशीचं काय आठवत नाही. कानात नुसता ढोल होता. मी तिथं मुंबईत मधेच हसले होते काय? 'सांग'ला?"



"हसला की!" मास्तर म्हणाले.

"होय की ताई," बेबी म्हणाली. "असं गोड हसला. मी इकडं ह्यांना म्हटलंसुद्धा."

"कशाला हसले असेन?"

"आनंदानं," मास्तर म्हणाले. "दुसरं कशानं?"

वैनींनी मान हलवली, हळूहळू, दोनदा. फोनकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर पुन्हा तो रंग चढत होता. ते मला बघवेना. त्यांनी रुमाल उचलला, रिसीव्हरवर हात ठेवला, आणि मग आठवल्यासारखं म्हणाल्या, "अण्णा राहिले की. अण्णांचं मत शेवटी."

अण्णांचा चहा तसाच होता, त्यावर साय आली होती. सगळा कार्यक्रमभर ज्यांनी ढोलकीपासून नटीपर्यंत कुणाला सोडलं नाही, ते आता स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होते. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे, धोतराखाली टोकदार दिसणारे.

"शालनताई," ते म्हणाले, "त्यांनी माझ्या बायकोची शिंक कापली."

अण्णा गुडघ्यांशीच बोलत होते.

"पोराला कॅसेट दिली मी माझ्या हातानं. ऐकायला म्हणून दिली. त्यांनी तीच लावली. तुमचं हसू ठेवलं आणि तिची शिंक कापली. हसायला शिंक लागते, ताई. मुंबईत कुणी शिंकलं नाही. मुंबईत तुम्ही हसला नाही."

"म्हणजे आत्ता टीव्हीवर होतं ते..."

"तुम्ही चौतीस वर्षांच्या होता. पद्माला पडसं झालंवतं."

वैनींचा हात रिसीव्हरवर होता. फोन अजून वाजत होता आणि त्यांच्या हाताखाली थरथरत होता. "मग मुंबईत मी कशी झाले?" त्यांनी विचारलं. "अण्णा, शब्द दिलावता तुम्ही."

अण्णा काहीतरी म्हणाले. इतकं हळू की मलाही, शेजारी असून, निम्मंच आलं.

"ऐकू नाही आलं," वैनी म्हणाल्या. त्यांनी उजवा कान पुढं केला. "मला कमी ऐकू येतं, ठाऊक हाय न्हवं तुम्हाला? मोठ्यानं सांगा."

अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आणि एकही माग चालू नसलेल्या गल्लीत, सगळे माग चालू असल्यासारखं, मोठ्यानं म्हणाले, "तुमचा आवाज गेलाय, शालनताई!"